मीच सोडली

आमच्या ह्यांना बुटांच्या कारखान्यातून काढलं. एवढं साधं वाक्य, पण चार लोकांत ह्यांच्या तोंडून ते वदवून घ्यायला माझ्या नाकी नऊ आले.

लग्नाआधीपासून हे तिथे चामडं कापत होते. मग कापणारं यंत्र आलं आणि एका सोमवारी साहेबाने केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की या शनिवारपर्यंतच या. वर म्हणाला, गाजावाजा नको, तुमचा मान राहील असा छोटासा निरोप समारंभ करू. ह्यांना तेवढंच पुरलं. केक कापला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि चार शब्द बोला म्हटल्यावर हे उभे राहून म्हणाले, "खूप वर्षं झाली, आता मीच थांबायचं ठरवलं." टाळ्या पडल्या. कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नोटिशीचा पगार आणि भरपाई मागायला गेले, तेव्हा ऑफिसातल्या माणसाने तोच व्हिडिओ पुढे धरला. काढलं तर भरपाई. स्वतःहून सोडलं तर झालेल्या दिवसांचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे, बस. तुम्ही तर स्वतःच सांगितलंत, म्हणाला. हे ऐकून मी इतकी भडकले, की ते घड्याळ भिंतीला लावूच दिलं नाही. कपाटावर पालथं पडलंय.

बरं, बाहेर तरी खरं सांगावं? नणंदेला सांगितलं, सोडली. शेजाऱ्यांना, सोडली. मुलीलासुद्धा फोनवर, कंटाळा आला गं, सोडली. मी म्हणायचे, अहो, काढणाऱ्याला लाज नाही, तुम्ही कशाला लाजता? की हे पेपरात तोंड खुपसणार. भरपाई मिळाली तर घराचे राहिलेले हप्ते फिटणार होते. इभ्रतीवर हप्ते फिटत नाहीत, हे ह्यांना कोण समजावणार!

शेवटी मीच ओढत कामगार कार्यालयात नेलं. तिथल्या अधिकारी बाईंनी व्हिडिओ पाहिला, कारखान्याच्या माणसाचं ऐकून घेतलं आणि ह्यांना विचारलं, "सोडली की काढलं?"

हे टेबलाकडे बघत बसले. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पण मला मध्ये बोलायचं नाही असं बजावलेलं. मग हे पुटपुटले, "काढलं." बाई म्हणाल्या, जरा मोठ्याने.

"मला काढलं."

मान काही वर केली नाही त्यांनी. ज्या शब्दासाठी मी इतके दिवस भांडले, तो कानावर पडला आणि मीच तोंड फिरवलं.

बाई म्हणाल्या, नुसतं तुमचं म्हणणं पुरायचं नाही. तेव्हाच तुम्ही कुणाला खरं सांगितलं होतं का? ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. त्या सोमवारी रात्री फक्त मलाच सांगितलं होतं, दुसरं होतंच कोण? मग पुढच्या तारखेला मिसेसचा जबाब घेऊ, म्हणाल्या. म्हणजे पुन्हा तारीख.

बाहेर आम्ही लिफ्टची वाट बघत होतो. कारखान्याचा माणूसही शेजारीच उभा होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. विहीणबाई. इकडचं तिकडचं झालं आणि मग आवाजात साखर घोळवून त्यांनी विचारलं, व्याह्यांना कामावरून काढून टाकलं म्हणे, खरं का हो?

केर काढून टाकल्यासारखं बोलल्या त्या. माझं डोकंच फिरलं.

"छे हो," मी चांगलं खणखणीत म्हणाले. "त्यांना कोण काढतंय? त्यांनी स्वतःच सोडली."

लिफ्ट आली. कारखान्याचा माणूस आत शिरला आणि दार लागेपर्यंत माझ्याकडे बघून हसत राहिला.

हे ओरडले नाहीत. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि जिन्याकडे वळले.

"चल," म्हणाले. "एकुलती एक साक्षीदार होतीस."