खिडकीतला अबोला

लॅबवाल्या बाईंचं नाक हा एक वेगळाच प्रकार होता.

युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर मूल होत नसलेल्या जोडप्यांचा विभाग होता. तिथल्या लॅबच्या दारात बाई रोज सव्वासातला उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचा वास घ्यायच्या. खरंच, मान पुढे काढून. सेंट नको, डिओ नको, वासाचं तेल नको, कपडे धुताना टाकतात ते फुलाबिलांचं पाणी तर मुळीच नको. कारण आत ऊबदार पेट्यांमध्ये गर्भ असायचे, दोन-तीन दिवसांचे, साध्या डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढे, आणि असले वास त्यांना बाधतात.

"माझी भाचरं आहेत ती," बाई म्हणायच्या. "शिंक आली तर नाक पुसायलाही कुणी नाही त्यांना."

म्हणून अख्खा मजला त्यांना आत्या म्हणायचा. पाठीमागे मिरची. दोन्ही त्यांना माहीत होतं.

तर झालं असं की नऊ दिवसांपूर्वी मोठे डॉक्टर, म्हणजे सर, डीनसाहेबांना लॅब दाखवायला घेऊन आले. मागे बारा विद्यार्थी. डीनसाहेब लिफ्टमधून बाहेर पडायच्या आधीच त्यांचा सेंट बाहेर पडला होता. आत्यांनी दारात हात आडवा घातला.

"आधी आंघोळ करून या."

डीनसाहेबांचे कान लाल. आणि सर, ज्यांच्यासोबत आत्यांनी एकोणीस वर्षं काम केलं, ते हसत हसत म्हणाले, "आमच्या बाईंचा स्वभाव जरा तिखट आहे. मनावर घेऊ नका."

स्वभाव? आत्यांच्या डोक्यात तिडीक गेली. दारावर नियमांचा कागद लावला होता, तो सरांनीच लिहिलेला, खाली सरांचीच सही. आणि वर म्हणे स्वभाव. त्या दिवसापासून त्यांनी सरांशी बोलणं बंद केलं.

आता घरात अबोला धरला तर धकतं. ताट आपटायचं, पाठ फिरवून झोपायचं. इथे तशी सोय नव्हती. ऑपरेशनच्या खोलीत आणि लॅबमध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीला एक खिडकी, टपाल टाकायला असते तेवढीच. सर पलीकडे लांब सुईने बाईच्या पोटातल्या बीजाच्या पिशव्या एकेक करून रिकाम्या करायचे, त्यांतलं पाणी नळीतून टेस्टट्यूबमध्ये यायचं, ट्यूब खिडकीतून आत्यांकडे. आत्यांनी ते बशीत ओतून मायक्रोस्कोपखाली बीज शोधायचं आणि मोठ्याने सांगायचं, "आहे," नाहीतर "नाही." न बोलता हे काम होतच नाही.

म्हणून मध्ये सिस्टर.

"सिस्टर, सरांना सांगा, बशी तयार आहे."

सर दोन हातांवर बसलेले. "सिस्टर, आत्यांना सांगा, ऐकलं."

"मी काय पोपट आहे का?" सिस्टर म्हणायची.

भूल देणारे डॉक्टर होते, त्यांना सगळे अंगाई म्हणायचे. ते म्हणाले, "यांच्या या पोस्टखात्यात मलाच झोप लागते. एक दिवस मीच टेबलावर आडवा व्हायचो."

अबोल्याच्या नवव्या दिवशी टेबलावर बसवाली होती. शहरातली बस चालवायची, एक्केचाळीस वर्षांची, दंड असे की तिने लिफ्ट हाताने वर ओढली असती. या विभागाचा नियम होता, एका जोडप्याला तीनच संधी. तिची ही तिसरी. पहिल्या वेळी गर्भ टिकला नाही, दुसऱ्या वेळी बीजच मिळालं नाही, आणि आज सोनोग्राफीत पिशव्या दिसत होत्या फक्त दोन. तिचा नवरा कुलपं-किल्ल्या बनवायचा. तो बाहेर बाकावर बसून खिशातला जुडगा खुळखुळवत होता. आतपर्यंत ऐकू येत होतं.

नाव आणि नंबर पेशंटने स्वतः खिडकीकडे बघून सांगायचा, अशी पद्धत. बसवालीने सांगितला. मग म्हणाली, "आत्या, आज गाडीला सीटा दोनच आहेत. एकीवर तरी कुणीतरी बसलेलं असू दे."

"बघते मी."

"आणि नसेल तर गोड बोलू नका. रस्ता बंद असेल तर मला आधी सांगितलेलं बरं वाटतं."

आत्यांना ही बाई भयंकर आवडायची. आपल्यासारखी आहे, असं त्यांना वाटायचं.

अंगाईंनी तिला झोपवलं. सर नाकातल्या नाकात गुणगुणायला लागले. त्यांची सवयच ती. पहिली पिशवी. ट्यूब खिडकीत आली. आत्यांनी पाणी बशीत ओतलं, बशी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकवली. बीज दिसतं ते ढगाच्या तुकड्यासारखं, चमकतं, एकदा बघितलं की चुकत नाही. इथे ढग नव्हता. रक्ताचे चार धागे होते, बस.

"सिस्टर, सरांना सांगा, नाही."

सरांनी पिशवीत कोमट पाणी सोडून परत ओढलं. नाही. परत एकदा. नाही.

दुसरी पिशवी. गुणगुणणं थांबलं होतं. ट्यूब आली. आत्यांनी श्वास रोखून बघितलं.

"सिस्टर. नाही."

"सिस्टर, आत्यांना विचारा, परत एकदा बघतील का."

आत्यांची कानशिलं तापली. म्हणजे मला दिसत नाही? एकोणीस वर्षं मी काय बशीत तोंड बघतेय? पण त्यांनी परत बघितलं, कारण प्रश्न बसवालीचा होता. नव्हतंच काही. सरांनी ही पिशवीही दोनदा धुतली. तेही पाणी बघितलं. नाही आणि नाही.

सरांनी सुई बाहेर काढली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सुईला जोडलेली नळी हातभर लांब असते, आणि शेवटचे थेंब तिच्यातच राहतात. एखादं बीज त्या थेंबात अडकून बसू शकतं. म्हणून काम संपलं की आत्या म्हणायच्या, "सुई धुवा, सर." सर म्हणायचे, "धुतो, बाई." आणि सुईतून कोमट पाणी ओढून ती शेवटची ट्यूब खिडकीत ठेवायचे. हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच पडली नव्हती. एकोणीस वर्षं ते या दोघांच्या तोंडात होतं. एकीने म्हणायचं, दुसऱ्याने करायचं.

गेले आठ दिवस हाही निरोप सिस्टरने नेला होता. पण मघाशी ते परत बघायला सांगणं आत्यांना झोंबलं होतं. त्यांच्या मनात आलं, सगळं मीच का सांगायचं? आज म्हणू दे त्यांनाच. स्वतःच्या तोंडाने.

पलीकडे सर सुई हातात धरून उभे होते. नुसते उभे.

सिस्टरला काय कळणार? निरोप आला नाही म्हणजे न्यायचं काही उरलं नाही. तिने सरांच्या हातातून सुई घेतली, नळी गोल गुंडाळली, आणि कचऱ्याच्या पिवळ्या डब्याच्या पेडलवर पाय ठेवला. झाकण उघडलं.

आत्यांना खिडकीतून हे सगळं दिसत होतं. तरी एक श्वास त्या थांबल्या. एकच. फार तर दीड.

बाहेर किल्ल्यांचा जुडगा वाजला.

"अहो सर, सुई धुवा!"

सिस्टर जागच्या जागी थिजली. सरांनी तिच्या हातून नळी घेतली, जवळजवळ हिसकावलीच, सुई कोमट पाण्याच्या ट्यूबमध्ये बुडवली आणि पंप पायाने दाबला. ट्यूब त्यांनी स्वतः खिडकीत धरली. सिस्टरच्या हातात दिलीच नाही.

बशी. डावीकडून उजवीकडे.

ढग होता.

ढगाच्या मध्ये ते बसलं होतं, गोल, शांत, जसं काही झालंच नाही.

"बाई?" खिडकीतून आवाज आला. "बाई, बोला काहीतरी."

"आहे," आत्या म्हणाल्या. "सर, आहे."

अंगाईंनी मान वर केली. "हे कुणाला म्हणाल्या? थेट सरांना?"

"माझी पोपटाची नोकरी गेली," सिस्टर म्हणाली आणि डोळे पुसायला तोंड भिंतीकडे केलं.

*

दुपारी बीजात नवऱ्याचा एक शुक्राणू सोडून झाला. किल्लीवाल्याचा बऱ्यापैकी होता. बीज पेटीत गेलं. मग आत्या चहाच्या खोलीत गेल्या. सर तिथे बसले होते, कपातला चहा तसाच, वर साय धरलेली.

"मी मुद्दाम थांबले होते," आत्या म्हणाल्या. बसल्यासुद्धा नाहीत. "एक श्वास. मला आठवत होतं आणि तरी थांबले."

सरांनी बोटाने साय बाजूला केली. "मलाही आठवत होतं. म्हटलं, बघू या, बाई सांगतात का."

दोघांना आपापली लाज वाटत होती, आणि समोरच्याची तर जास्तच.

"आपल्याला दोघांना धरून बदडायला पाहिजे," आत्या म्हणाल्या.

"हो. पण बदडणार कोण? सिस्टर?"

"ती आनंदाने बदडेल."

सर हसले नाहीत. म्हणाले, "डीनना मी त्याच दिवशी सांगितलं होतं. लिफ्टमध्येच. की नियम माझा आहे, बाई बरोबर होत्या, आणि स्वभावाचं मी बोललो ते चुकलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सिस्टरला म्हटलं, निरोप द्या. ती म्हणाली, असले निरोप मी नेत नाही, स्वतः जाऊन सांगा." त्यांनी कप सरकवला. "आणि तुम्ही तर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतात, बाई."

आत्यांनी त्यांचा तो थंड चहा मोरीत ओतला आणि दुसरा करायला घेतला. दोन कप.

बसवालीला सांगायचं होतं. सर म्हणाले मी येतो, आत्या म्हणाल्या दोघं जाऊ. ती उशीला टेकून बसली होती, नवरा तिच्या पायांवर पांघरूण सारखं करत होता.

"कोण ओरडलं हो मघाशी? झोपेत ऐकल्यासारखं वाटलं."

"मी," आत्या म्हणाल्या. "एक मिळालंय. सुईच्या नळीत अडकलं होतं. आणि आम्ही ती नळी फेकणार होतो. आम्ही दोघं एकमेकांवर रुसलो होतो, म्हणून."

किल्लीवाल्याचे हात पांघरुणावर थांबले. बसवाली आत्यांकडे बघत राहिली. मग सरांकडे. आत्यांना वाटलं, आता ही उठून एक ठेवून देईल, आणि देऊ दे.

"शेवटच्या सीटवर झोपलेला प्रवासी," बसवाली म्हणाली. "माझ्या गाडीत रोज एखादा असतो. डेपोत गाडी लावायच्या आधी मी मागेपर्यंत चालत जाते. हाक मारत नाही, चालत जाते. कंडक्टरशी भांडण झालेलं असलं तरी. तुमच्यात नाही तसं?"

"आहे," सर म्हणाले. "पण ते आमच्या बोलण्यावर चालायचं."

"मग बोलण्यावर ठेवू नका."

"नाही ठेवणार," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढासा झाला होता.

"मिळालं ना पण?" किल्लीवाला हळूच म्हणाला. "एक तर एक. कुलपाला काय, किल्ली एकच लागते."

"तू गप रे," बसवाली म्हणाली, आणि त्याचा हात धरून ठेवला.

संध्याकाळी निघताना सरांनी नियमांच्या कागदावर शेवटी एक ओळ लिहिली. सुई आणि नळी धुतलेलं पाणी लॅबने बघितल्याशिवाय सुई टाकायची नाही, कुणी सांगो वा न सांगो. खाली सही केली. मग पेन आत्यांकडे दिलं. त्या कागदावर आत्यांची सही पहिल्यांदाच झाली.

*

दुसऱ्या दिवशी सव्वासातला आत्या दारात होत्या. नऊ दिवस सरांचा वास घ्यायचं काम सिस्टरकडे होतं. आज सर स्वतः आले आणि सहा फुटांचा तो माणूस आत्यांपुढे मान वाकवून उभा राहिला.

आत्यांनी नाक पुढे केलं. "साबण बदललाय."

"बायकोने आणलाय."

"छान आहे. धुऊन या."

सर मुकाट्याने बेसिनकडे वळले. आत्या आत गेल्या, पेटी उघडली, बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली. शुक्राणू आत गेला म्हणजे बीज फळलं असं नाही. फळलं की सकाळी त्याच्या पोटात दोन ठिपके दिसतात, शेजारी शेजारी, एक आईचा, एक बापाचा.

त्यांनी दोनदा बघितलं. मग दारातून डोकं बाहेर काढलं. सर मान साबणाने भरून बेसिनवर वाकलेले होते.

"सर, दोन आहेत."

सर तसेच वळले. फेस कॉलरमध्ये उतरत होता, त्याचं भान नव्हतं. "फोन केलात?"

"करते. या इकडे. तुम्हीही ऐका."

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला. मागे किल्ल्या खुळखुळत होत्या.

"आत्या बोलतेय. गोड बोलायचं नाही म्हणालात, म्हणून सरळ सांगते. काल एक होतं, ते आज नीट आहे. पुढे बरेच स्टॉप आहेत, मी कुठल्याच स्टॉपची खात्री देत नाही."

पलीकडे किल्ल्या थांबल्या.

"म्हणजे बसलंय?" बसवालीने विचारलं.

आत्यांनी सरांकडे बघितलं. सर मान हलवत होते, नाकावर साबण.

"बसलंय," त्या म्हणाल्या. "खिडकीपाशी."