रूटचा पासवर्ड नागपुरात

"बाई, तुया भोंगा झोपला होता का?" शेजारचा सोमाजी दारातूनच रिनावर ओरडला. "माया गोऱ्हा नेला वाघानं रात्री. रक्ताची वाट सरळ नाल्यात उतरली."

रिनाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिची सासू गिरजाबाई उजाडायच्या आत चार बायांसोबत मोहफुलं वेचायला नाल्यापलीकडे गेली होती. जाताना टोपलं उचलून एवढंच विचारलं, "भोंगा वाजला नाई ना?" नाही म्हटल्यावर निघाली.

पूर्वी बाया टिनाचे डबे बडवत, एकमेकींना शिव्या घालत, हसत जायच्या. वाघालाही कळायचं, कोण येतंय. भोंगा आल्यापासून गुमान जातात. भोंगा गप्प म्हणजे वाघ नाही. हे शिकवलं कोणी? कॅमेरे लावणाऱ्या कंपनीनं. चांगला रंगीत फलक ठोकला: भोंगा वाजला की घरी पळा, नाही वाजला तर निर्धास्त राहा.

चिमूरच्या बाजूचं गाव, जंगल घरांच्या पाठीला खेटलेलं. नाल्यावर कॅमेरा. गावाच्या टोकाला, नाल्याच्या तोंडावर समाजमंदिर, त्यात एक जुना कॉम्प्युटर आणि छपरावर भोंगा. कॅमेऱ्याला वाघ दिसला की कॉम्प्युटरनं भोंगा वाजवायचा. त्यावर लिनक्स रिनानंच टाकलं होतं, चंद्रपूरच्या प्रशिक्षणात शिकून, पेनड्राइव्हवरून. फुकटची सिस्टम, सगळ्यांची सिस्टम, कोणीही उघडून बघावी, असं भाषण तिथल्या साहेबानं ठोकलं. टाळ्या झाल्या. आठवड्यात कंपनीचा माणूस आला आणि रूटचा पासवर्ड बदलून गेला. रूट म्हणजे मशीनचा मालक. मशीन गावात, वाघ गावात, मालक नागपुरात. रिनाला ठेवलं पडद्यावरची धूळ पुसायला.

ती समाजमंदिराकडे पळाली. मागे सोमाजी. मशीन चालू होतं, पंखा घुमत होता. तिनं मशीनला कॅमेऱ्याच्या प्रोग्रामचं स्टेटस विचारलं. उत्तर आलं, डेड.

रात्री लाइट गेली, आली. मशीन आपोआप उठलं, प्रोग्राम पडूनच राहिला. तो हातानं सुरू करायलाही रूटच लागतो. मशीनसोबत त्यानंही उठावं यासाठी रूटला एकदा हुकमाची एक ओळ द्यावी लागते. एक ओळ! रिना महिनोन्‌महिने मागत होती. तिनं कंपनीच्या राजदीपला फोन लावला.

"तक्रारीचं तिकीट टाका ना ताई."

"माही सासू जंगलात हाये भाऊ. पासवर्ड सांगा."

"पॉलिसीत बसत नाही. आणि तुम्ही हात लावू नका, उगाच केस होईल."

"वाघावर टाका केस," म्हणून तिनं फोन आपटला.

मशीन बंद केलं, चालू केलं. उठता उठता मध्येच अडवलं आणि सुरुवातीच्या ओळीत दोन शब्द जास्तीचे घातले. पासवर्ड विचारायच्या आधीच मशीन उघडलं. हे प्रशिक्षणातच दाखवलं होतं, पासवर्ड विसरलेल्यांसाठी. तिनं रूटला नवा पासवर्ड दिला, मशीन परत उठवलं, रूट म्हणून आत शिरली. दोनदा स्पेलिंग चुकलं. तिसऱ्यांदा प्रोग्राम सुरू झाला.

आणि लगेच भोंगा बोंबलला.

"वाजला! वाजला वो बाई!" सोमाजी नाचायचाच बाकी होता.

रिना पडद्याकडे पाहत होती. झुडपातून निघून वाघ आता नाल्याच्या वाटेवर येऊन बसला होता, पंज्याखाली गोऱ्हा. मोहापासून गावाकडे यायला तीच एक वाट. भोंगा वाजला की घरी पळा. पलीकडे गिरजाबाईनं टोपलं टाकलं असेल, लुगडं खोचलं असेल, शिकवल्याप्रमाणे घराकडे निघाली असेल. वाघाकडे. घरात बसलेल्यांसाठी बनवलेली ती वस्तू, बाहेरच्या बाईचा विचार कोणी केलाच नव्हता. भोंग्याला एकच बोलता येतं. तिथंच थांबा, हे त्याला येत नाही.

तिनं भोंगा बंद केला.

"काऊन बंद केला? येडी झाली का तू?"

"बाया पळत इकडंच येतीन ना भाऊ! वाघ वाटेत बसला हाये! बलवा साऱ्यांले, कल्ला करा. येऊ नका म्हना, तिथीच राहा म्हना!"

सोमाजीनं दारातून हाक घातली. माणसं आली, बाया आल्या, कोणी परात, कोणी डबा घेऊन. सगळे एकदम ओरडायला लागले. "येऊ नका! येऊ नका वो!" पन्नास गळ्यांचा एकच गोंगाट झाला, त्यात शब्द कुठला आणि डबा कुठला.

पडद्यावर वाघानं गोऱ्हा सोडला. उठला. गावाकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं, मोहाच्या बाजूला.

"चूप! जरा चूप राहा!" रिना किंचाळली.

सगळे थांबले. तेवढ्यात नाल्यापलीकडून गिरजाबाईचा आवाज आला, दमलेला, पण बराच जवळून.

"काय म्हन्ता वो? काई समजून नाई राह्यलं! भोंगा बंद झाला ना? आलोच आमी!"