हिरव्या अंगठ्यांचे पत्र

मित्रांनो, मी एक जुने पत्र आहे. माझी एक कड कसरीने खाल्ली आहे, घड्या विरल्या आहेत, आणि अंगावर हिरवे अंगठे उमटले आहेत. मला त्या अंगठ्यांचा भारी अभिमान आहे.

मला लिहिले एका चित्रकाराने, आपल्या धाकट्या बहिणीला. पुढे त्याचे नाव फार मोठे झाले, पण माझ्याखाली त्याने सही केली ती नुसती 'तुझा दादा' अशी. घराच्या दाराला कोणता रंग द्यावा, असे बहिणीने विचारले होते. पठ्ठ्याने ख्यालीखुशाली एका ओळीत उरकली आणि पानभर हिरवा रंग कसा कालवायचा तेच लिहिले. निळी भुकटी इतके चमचे, पिवळी तितके चमचे, मग जवसाचे तेल.

त्याचा चमचा औषधाच्या चमच्याएवढा होता. हे सांगायला तो विसरला. बहिणीने सरळ स्वयंपाकघरातला डाव घेतला आणि बादलीभर रंग करून बसली. ती काही वाया घालवणाऱ्यातली नव्हती. दार झाले, खिडक्या झाल्या, खुर्च्या झाल्या, कोंबड्यांचे खुराडेही सुटले नाही. नवरा दुपारभर घराबाहेरच राहिला, न जाणो आपलाही नंबर लागायचा. मला वाचता वाचता तिचा ओला अंगठा माझ्यावर उमटला, तो पहिला.

रंग विटला की मला पेटीतून काढायचे, अशी त्या घरची रीतच पडली. मधली वर्षे मी अंधारात काढली. बहिणीच्या मुलाला डावाची चूक ठाऊक होती, तरी त्यानेही डावच घेतला. आईने मोजले तसेच मोजायचे, एवढेच त्याचे म्हणणे. दुसरा अंगठा त्याचा. तिसरा त्याच्या मुलीचा. ती आता म्हातारी झाली आहे आणि तिच्याजवळ राहणारी भाची तिला आत्या म्हणते.

मग घराचे वासे कुजले. छप्पर खाली यायच्या बेताला आले, आणि आत्याने मला विकायचे ठरवले. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण घरच पडले तर दार कशाला रंगवणार?

जुन्या कागदांच्या व्यापाऱ्याने मला भिंगाखाली धरले. अक्षर चित्रकाराचेच आहे, म्हणाला, पण डाग फार. औषधाने धुऊन घेऊ, मग गिऱ्हाईक भांडत येईल. मी मनातून पार हादरलो. आत्या माझ्याकडे वाकली आणि एकेका अंगठ्यावर बोट ठेवत म्हणाली, "हे डाग नाहीत. ही माझी आजी, हा माझा बाप, आणि ही मी. आहे तसं विकता येत असेल तर विका, नाहीतर द्या परत."

छप्पर गळत असताना ती हे बोलली. व्यापाऱ्याने भिंग खाली ठेवले. मग त्याने अंगठ्यांची हकिगत विचारली, डावाचे ऐकून पोट धरून हसला, आणि मला आहे तसेच विकायला तयार झाला. किंमत थोडी उतरेल, एवढे मात्र त्याने बजावले. आत्याने मान डोलावली आणि मला एका दिवसासाठी घरी मागून नेले.

त्या दिवशी भाचीने रंग कालवला. डावानेच. आत्या पायरीवर बसून सूचना देत होती. भाचीने मला उचलले मात्र, चौथा अंगठा उमटला. ती घाबरली, पण आत्या म्हणाली, "राहू दे. तुझाच राहिला होता."

दुसऱ्या दिवशी ताजा अंगठा बघून व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. आत्याने त्याच्यासाठी उरलेल्या रंगाचा डबा आणला होता. त्याच्या दुकानाचे दार आता हिरवे आहे.

मला एका संग्रहालयाने घेतले. आत्याच्या घरावर नवे छप्पर चढले. इथे काच आहे, कसर नाही, आणि मुले अंगठे मोजतात. मी सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा कागद असेल. त्याला कसरीपासून जपा, पण भिऊन कुलपात कोंडू नका. अधूनमधून बाहेर काढा, मोठ्याने वाचा, त्यातले काहीतरी करून बघा. हात भरलेले असले तरी चालतील. पहिला अंगठा उमटला तेव्हा मीही क्षणभर चिडलो होतो. आज तेवढा एक पुसतो म्हटलात, तरी मी पुसू देणार नाही.