जानरावच्या टायरांची जोडी

जानरावने फटफटी घेतली ती एकाच कामासाठी. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बायकोला म्हणजे आमच्या पंचफुलावहिनीला मागे बसवून माहेरी न्यायचं. बाकी वर्षभर तिच्यावरून तो कुठेही जायचा, मला घेऊन तर फारच, पण ते सगळं फुकटचं. खरं काम ते एकच.

आमचं गाव नांदगाव पेठेच्या अलीकडे, वहिनीचं माहेर अचलपूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. अमरावतीवरून अचलपूरपर्यंत डांबरी सडक. पुढचे आठ मैल नुसती गिट्टी, म्हणजे फोडलेली खडी, आणि मुरूम. एकसष्ट सालच्या आखाजीला त्या आठ मैलांतल्या तिसऱ्या मैलावर मागचं चाक सरकलं आणि वहिनी लाडवांच्या डब्यासकट खाली आल्या. लागलं फारसं नाही. पण त्या उठल्या, लाडू वेचले, डबा डोक्यावर घेतला आणि मागे न पाहता उरलेले पाच मैल चालत गेल्या. जानराव फटफटी ढकलत मागे. परत आल्या त्या यष्टीने.

"आता मी या गाडीवर बसत नाई," एवढंच बोलल्या.

वर्षभर ते मागचं सीट रिकामं राहिलं, मलाही तो त्यावर बसू देईना. इतकं रिकामं, की आमच्या गावातली एक कोंबडी त्यावर अंडी घालून बसली. पिल्लं निघाली तीसुद्धा कशी, किक मारल्याचा आवाज आला की आईला सोडून सायलेन्सरकडे पळायची. खोटं वाटत असेल तर राहू द्या, जानरावचं तोंड मात्र खोटं नव्हतं. जेवण उतरत नव्हतं त्याला.

पुढची आखाजी पंधरा दिवसांवर आली तेव्हा वहिनींनी जरा मन ढिलं केलं. "मागचं चाक पाहा आपलं. म्हाताऱ्याच्या टाळूवाणी गुळगुळीत झालं. टायर बदला, मंग पाहू."

त्याच दिवशी आम्ही अमरावतीला चिंतामणरावांच्या दुकानात. चिंतामणराव वकिलाचे चिरंजीव, पण स्वतः वकिलीच्या परीक्षेत तीनदा नापास होऊन टायर विकायला बसलेले. माणूस मोठा सबुरीचा. ती सबुरी त्या दिवशी कामी आली, कारण जानरावने टायर बघायला सुरुवात केली ती बैल बघतात तशी.

जानरावचे बैल म्हणजे पंचक्रोशीत नाव. रंग एक, उंची एक, शिंगांचा बाक एक. तशी जोडी जमवायला त्याने सात बाजार पालथे घातले होते. त्याने टायरवर थाप मारली, कुशीत बोट खुपसलं, दुकानासमोर दहा पावलं चालवून आणलं.

"यावर भोवरा कुठं हाय?"

"जानराव, हे मद्रासहून आलंय. याला केस नसतात," चिंतामणराव म्हणाले. मग त्यांनी दोन टायर समोर ठेवले. "हा धारीचा. लांब सरळ रेषा आहेत बघा. हा पुढे लावा, गाडी वाट सोडणार नाही. हा गुट्ट्यांचा. रबराचे उंच ठोकळे आहेत बघा. हा मागे लावा, गिट्टीत रुतून धरील. अर्धी सडक, अर्धी गिट्टी असली की हेच."

जानरावने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू त्याला एक पांढरा आणि एक काळा बैल दाखवला. "पुढं एक अन् मांगं दुसरा? लोकं हासतीन ना भाऊ. जोडी लागते."

"चाकांची जोडी नसते."

"मंग दोन काहून हायेत?"

वकिलाच्या मुलाने धारीचा टायर उचलून परत फळीवर ठेवला. आम्ही गुट्ट्यांची जोडी घेऊन निघालो.

टायर तिथेच चढवले होते. अमरावती सुटेपर्यंतच चूक कळली. त्या गुट्ट्या डांबरावर अशा गुरगुरत होत्या आणि पुढचं चाक असं थरथरत होतं, की माझी दुखरी दाढ शहराच्या नाक्यावर हलली, चौथ्या मैलावर सुटली आणि घरी पोचेस्तोवर शेजारची चांगली दाढही तिच्या सोबतीला निघाली.

चार दिवसांनी धारीची जोडी आणली. सडकेवर काय चालली म्हणता, लोण्यात सुरी. मग गावामागच्या खदानीच्या गिट्टीवर नेऊन पाहिली. वळणावर मागचं चाक निघालं फिरायला, फटफटीने पूर्ण गिरकी घेतली आणि आम्ही पडलो तेव्हा तिचं तोंड घराकडे होतं.

आखाजीला दोन दिवस राहिले. जानराव अंगणात चार टायर मांडून बसला होता, कोपराला हळद लावलेली. वहिनी डाळ निवडत होत्या.

"यष्टीनं जाय तू," जानराव खालमानेने म्हणाला. "मी लाडू पोचवून देतो."

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "पेरणीले तिफण कोण हाकते?"

"मी."

"अन् मांगून बी कोण सोडते?"

"तू."

"दोघायचं काम एक हाय काय? मी तुमच्या संगं जू धरून चालली काय कधी? बैल बाजूबाजूनं चालतात, त्यायची जोडी पाहा. हे चाकं तं एकामांगं एक चालतात. पुढच्यानं वाट सांभाळावं, मांगच्यानं माती धरावं."

चिंतामणरावांचंच म्हणणं, पण त्यांना तिफण कुठे ठाऊक.

जानरावचं अर्धं मन वळलं. "लोकं हासतीन वं."

"मी मांगं बसल्यावर लोकायले चाकं दिसतीन का मी दिसीन?"

यावर जानराव जो लाजला, तो पाना शोधायला गोठ्यातच गेला. उरलेल्या दोन टायरांतला एक निंबाला झोका म्हणून टांगला. दुसऱ्यात कोंबडीची सोय केली, कारण सीट आता मोकळं हवं होतं.

आखाजीच्या सकाळी दोघं निघाले. पुढचं मला जानरावने तीनदा सांगितलं आणि दर खेपेला गिट्टी मोठी होत गेली, शेवटी नारळाएवढी. पण एक गोष्ट तिन्ही खेपांना तीच होती. तिसऱ्या मैलावर, गेल्या वर्षीच्या जागी, त्याने गाडी थांबवली. वहिनींना उतरून चालायचं असेल तर चालावं, म्हणून. मागे न पाहता तो पाय टेकून उभा राहिला. उतरल्याचा काही आवाज येईना.

मग खांद्यावर हात पडला. भर उन्हात, उघड्या रस्त्यावर.

"थांबले काहून?" वहिनी म्हणाल्या. "लाडू मऊ पडून राहिले ना."