आधी हात, मग फणी

बाजाराचा दिवस असूनही जळकोटच्या बाजारात शुकशुकाट होता, कारण सगळं गाव माळावरच्या मांडवात योगिराजांपुढे बसलं होतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कलेक्टर आले, त्यांची मोटार आली. पाणी मात्र टँकरच्या मर्जीवर. अशा नव्या जिल्ह्याला स्वतःचा महाराज नसता तर कमीपणाच आला असता. मांडवावर फलकही तसाच होता : 'जिल्हा केशकल्याण योग शिबिर'.

"मातांनो!" योगिराज गरजले. "केस म्हणजे ब्रह्मांडाच्या तारा! डोक्यावरची तार तुटली की समजा, घरधन्याची आयुष्यरेषा तुटत चालली!"

पुढेच बसलेल्या उमादेवीने शेजारच्या सुनेच्या डोक्याकडे पाहिलं. तिचा एकुलता एक मुलगा सिद्धेश्वर बोअरच्या गाडीवर परमुलखात होता. घरी त्याची बायको नीलम्मा आणि चार महिन्यांचा नातू. नीलम्माचे केस मूठमूठ गळत होते, भांगाशेजारचं कपाळ उघडं पडलं होतं. सवाष्णीचं हे लक्षण बरं नव्हे, असं शेजारणी कुजबुजायच्या. त्या कुजबुजीनेच उमादेवी सुनेला इथे घेऊन आली होती.

शिबिराचा एकच कडक नियम होता, 'केशमौन'. महाराजांपुढे येण्याआधी आठवडाभर डोक्याला फणी लावायची नाही. न्हायला पाणीच नव्हतं, त्यामुळे व्रत कुणालाच जड गेलं नाही.

आठवडा पाळून नीलम्मा पाटावर बसली. महाराजांनी वेणी सोडून चंदनाची फणी फिरवली, तशी बचकभर गुंतवळ हातात आली. बायका हळहळल्या. मग महाराजांनी तिला योगमुद्रेत वाकवलं, कपाळ जमिनीला टेकवलं, डोक्यावरून हात फिरवत काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा फणी घातली. फणीत फक्त दोन-चार केस आले.

"गळती थांबली!" महाराज ओरडले. मांडव टाळ्यांनी दणाणला. गुंतवळ पोत्यात गेली. पापाचे केस होमात जाळायचे असतात म्हणे. एरवी हीच गुंतवळ बायका कोनाड्यात साठवून सुया-पोतवालीला देतात, आणि तिच्याकडून दाभण घेतात.

महाराज उमादेवीकडे वळले. "पण मुळाचा रस कुठं चाललाय ठाऊक आहे? पोराच्या तोंडात! अंगावरचं दूध तोडा. सुनेचं सांजेचं जेवण बंद करा. नाहीतर..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. तेवढंच उमादेवीला पुरलं.

घरी आल्यावर तिने लेकरू सुनेपासून वेगळं केलं.

"आत्याबाई, पान्हा दाटून आलाय वो," नीलम्मा रडत म्हणाली. "एकदा तरी घेऊ द्या."

"माझ्या लेकाच्या जिवापरीस तुझा पान्हा मोठा हाय का?"

सासू टँकरच्या पाण्यात साखर कालवून लेकराला बोळ्याने पाजू लागली. त्याला जुलाब लागले. आधी ते ठणाणा रडायचं, मग नुसतं कण्हू लागलं. उमादेवीचं मन तिला खात होतं. पण लेक की नातू, असा प्रश्न महाराजांनी तिच्यापुढे टाकला होता, आणि तो प्रश्नच खोटा असेल हे तिच्या ध्यानात येत नव्हतं.

शाळेला जाताना पंचफुलाबाई ते कण्हणं ऐकून थांबल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या या बाई भीमनगरच्या. धम्म घेतला तेव्हा त्यांच्या वडिलांनी देव्हारा मोकळा करून त्यात पुस्तकं मांडली होती. बाई ओट्यावर टेकल्या. आत या, असं उमादेवीही म्हणाली नाही.

सगळं ऐकून बाईंनी विचारलं, "उमाक्का, तुमची वेणी कवाची हाय?"

"मी बी मौन धरलंय, सुनेसाठी. आठवडा झाला."

"मग फणी आणा. इथंच विंचरा."

उमादेवीने केस सोडले, फणी घातली. चांगली मूठभर गुंतवळ निघाली. ती घाबरली.

"आता परत एकदा."

दुसऱ्यांदा फणी जवळजवळ रिकामी आली. उमादेवीने फणी उलटून पाहिली.

"हात कुणी फिरवला? मंत्र कुणी म्हटला?" बाईंनी विचारलं. "अक्का, केस रोजच गळतात. विंचरलं न्हाई की वेणीतच अडकून राहतात. पहिल्या फणीला सगळे येतात, मग दुसरीला कुठून येणार?"

"आन् हिचे इतके कशानं गळालेत?"

"बाळंतपणानंतर लई जणींचे गळतात. बहुतेकींचे आपोआप परत येतात, डॉक्टरबाईंनी मला बी हेच सांगितलं होतं. आसनं वाईट न्हाईत, मी पोरांकडून रोज करून घेते, अंग मोकळं होतं. पण केसाला पोटातून खायला लागतं. आन् तुम्ही तिची भाकरच बंद केलीत. चला, आधी लेकराला दवाखान्यात न्यायचं."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. उमादेवी बाकावर बसून मोठ्याने रडली.

पुढचा आठवडाभर तिने पुन्हा फणीला हात लावला नाही. मग शिबिरात जाऊन सरळ पाटावर बसली.

"महाराज, आज आधी हात फिरवा. मंत्र म्हणा. मग फणी घाला."

"क्रम मोडला तर शक्ती कोपते, माते!"

"कोपू द्या. डोकं माझं हाय."

"फिरवा की वो हात!" मागून बायका ओरडल्या. महाराजांना हात फिरवावा लागला. मग उमादेवीनेच स्वतःची फणी काढली आणि सगळ्यांदेखत विंचरलं. मंतरलेल्या डोक्यातून ही एवढी गुंतवळ निघाली. तिने ती उंच धरली.

म्हातारा चंद्रप्पा उठला. "महाराज, होम रोज पेटतो. केस जळाल्याचा वास एकदा बी कसा आला न्हाई?"

पोती तंबूमागेच होती, तोंडं शिवून केसांच्या व्यापाऱ्याला विकायला तयार. संध्याकाळपर्यंत माळावर मांडवाच्या खांबांची भोकं तेवढी उरली.

लेकरू वाचलं. एका बाजूचा पान्हा मात्र परत आला नाही. दुसरीकडे नीलम्मा त्याला पुन्हा पुन्हा लावते. ती आता दोन्ही वेळा जेवते, उमादेवी स्वतः समोर बसून वाढते. पंचफुलाबाई आल्या की ओट्यावर बसत नाहीत, चुलीपाशी येऊन बसतात.

मंडळी, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा : क्रम उलटा करून दाखवा. खरं असेल ते उलट्या क्रमानेही खरंच राहील. आणि कुणीही लेकराच्या तोंडचं काढायला सांगितलं, तर तिथूनच माघारी फिरा.

महिन्याने देवणीला तसाच फलक लागल्याचं कळलं. उमादेवीने त्याच दिवशी वेणी घट्ट बांधली. आठवड्याने ती पंचफुलाबाईंबरोबर एस.टी.ला निघाली, तेव्हा लेकरू काखेला घेऊन नीलम्मा दारापर्यंत आली.

"आत्याबाई, फणी घेतलीत का?"