लाभ, दोन, तीन

बाहेर पिंपळगावचं मार्चमधलं ऊन हायवेवर पाण्यासारखं हलत होतं. द्राक्षांच्या पॅकहाउसच्या आत मात्र गारवा होता, हिरवट उजेड होता आणि यंत्राची एकसुरी घरघर होती. त्या घरघरीत सगुणाबाईला उघड्या डोळ्यांनी स्वप्नात असल्यासारखं वाटे.

वीस वर्षं टेबलाशी उभं राहून तिनं घडांतले बारके मणी कात्रीनं काढले होते. गुडघे गेले, तेव्हा मालकानं, हर्षलनं, तिला नव्या यंत्राच्या पडद्यापुढची खुर्ची दिली. आज सकाळी तिच्या हातचे तीन खोके झाकण फुगून परत आले. प्रत्येकात दहाच्या जागी द्राक्षांच्या अकरा डब्या, वरचे मणी चेंगरलेले.

"चारला टेम्पो येईल. तोवर जमलं तर ठीक," हर्षल म्हणाला, "नाहीतर टेबलाजवळची भाग्यश्री खुर्चीवर बसेल."

म्हणजे परत टेबल. परत दिवसभर उभं राहणं.

यंत्राचा प्रोग्राम लिहिणारी योगिनी नाशिक रोडहून आली होती. तिनं स्टूल ओढलं.

"मावशी, अकरावी डबी का ठेवलीत?"

"पडदा नऊ म्हनत व्हता. म्या एक टाकली, धा केल्या."

"खोका भरलेला दिसला नाही?"

"दिसला की. पन यंत्र चुकत नाय म्हन्ले व्हते मालक." सगुणाबाईनं पडद्याकडे हनुवटी केली. "ताई, हे आत करतंय तरी काय?"

"दोनच प्रश्न विचारतंय. डबी आली का? जागा मोकळी आहे का? असेल तर ठेव, आणि पुन्हा पहिल्यापासून."

सगुणाबाईच्या डोळ्यांपुढे अंगणात गोल फिरणारं कुणीतरी आलं. तेच दोन प्रश्न विचारत, न कंटाळता.

"दमत नाय?"

"नाही."

"मग शहानं बी व्हत नसंल."

योगिनी हसली. "नाहीच होत. आणि ते मोजतं शून्यापासून. पहिल्या डबीला शून्य, दुसरीला एक."

"पयल्या डबीला काहीच नाय म्हनायचं? ती तर समोर हाय!"

"शून्य हे तिच्या जागेचं नाव समजा."

घरघर चालू होती. सगुणाबाईचे डोळे मिटले. खळ्यावर सोनेरी धूळ उडत होती. दादा, तिचे वडील, बाजरी मापत होते. पहिली पायली ओतताना ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लहानपणी तिला वाटे, लाभ नावाचं कुणीतरी गुपचूप येऊन राशीत बसतं आणि मग दाणे आपोआप वाढतात. लाभ, दोन, तीन... दादांचा आवाज धुळीतून तरंगत येत होता.

तिनं ते योगिनीला सांगितलं.

"अगदी तसंच!" योगिनीचा चेहरा उजळला.

"तसंच कुठं? लाभच्या मागं दादा दोन म्हनायचे. धावी पायली धाच व्हायची. घेनाऱ्याला नऊ नव्हते सांगत."

योगिनीनं पडद्यावरचा नऊचा आकडा पुन्हा पाहिला. मग उठून हर्षलच्या केबिनचं दार तिनं वाजवलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "आत जागेला काहीही नाव असू दे. बघणाऱ्याला किती झाल्या ते दिसायला हवं होतं. मी जागेचं नाव दाखवलं, दहाव्या डबीला नऊ."

अर्ध्या तासात पडदा बदलला. खोका भरला आणि दहा उमटले.

"म्हणजे सगुणाबाई, तुमचं काही चुकलं नव्हतं," हर्षल जरा ओशाळून म्हणाला.

"चुकलं व्हतं. खोका भरलेला मला दिसत व्हता."

त्यानं मान हलवली. भाग्यश्रीला हाक मारली आणि टेबलाकडेच थांबायला सांगितलं.

सगुणाबाई खुर्चीत नीट सरकून बसली. पुढचा खोका आला. तिनं आधी त्याच्यात वाकून पाहिलं, मग पडद्याकडे, आणि स्टूल आपल्याजवळ ओढत म्हणाली, "बसा ताई. टेम्पोला वेळ हाय. आता हा तांबडा दिवा कशापायी लागतो, त्ये सांगा."