दोन घोटांचा प्याला

मित्रांनो, माझ्यात फार तर दोन घोट मावतात. मी चांदीचा एक जुना प्याला आहे, मुठीत झाकला जाईन एवढाच. चर्चच्या वेदीवर माझा थोरला भाऊ असतो. तो उंच आहे, देखणा आहे, आणि रविवारी सगळी मंडळी त्याच्याकडे बघत असते. माझं काम निराळं. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, त्यांच्यासाठी प्रभुभोजनाचा, येशूच्या रक्ताची खूण असलेला द्राक्षरस मी त्यांच्या उशापाशी नेतो.

मला घडवताना सोनार हसला होता. "पाळकसाहेब, एवढ्याशा प्याल्यानं कुणाची तहान भागायची?"

चर्चचे तेव्हाचे पाळक म्हणाले, "ज्याला एक घोटही जड जातो, त्याची."

सोनाराचा हातोडा थबकला. मग माझा काठ त्यानं इतका गुळगुळीत घासला, की कोरड्या, भेगाळलेल्या ओठांनाही तो टोचू नये.

तेव्हापासून मी किती खोल्या पाहिल्या! औषधाच्या बाटल्यांनी भरलेली स्टुलं, ओढून घेतलेले पडदे, मलमाचा वास, दाराआड डोळे पुसणारी माणसं. मी आत जाई तेव्हा खोलीत भीती बसलेली असे. मी बाहेर पडे तेव्हा दुखणं तिथंच असे, पण भीतीनं आपली जागा सोडलेली असे. हे कसं होतं, ते मला अजून उमगलेलं नाही. मी तर नुसती ठोकलेली चांदी. माझ्यातून कोण येऊन जातं, या विचारानं आजही माझा काठ शहारतो.

माझी निगा राखत होती नीटमावशी. मंडळीनंच तिचं हे नाव पाडलं होतं, कारण तिच्या तोंडी सदान्‌कदा एकच शब्द. नीट धरा, नीट ठेवा, नीट चाला! दर शनिवारी ती मला मऊ फडक्यानं घासून लख्ख करी. वेदीवरची पांढरी वस्त्रं धुऊन, इस्त्री करून अशी घडी घाली, की उलगडताना कापड कुरकुरावं. द्राक्षरसाचा एखादा थेंब वस्त्रावर पडलाच, तर तेवढा डाग ती वेगळ्या भांड्यात धुवायची आणि ते पाणी मोरीत न ओतता अंगणातल्या जाईच्या मुळाशी घालायची. एकदा गायकांपैकी एका धिप्पाड गृहस्थाकडून थेंब सांडला, तर भर उपासनेनंतर तिनं त्याला झापलं, "हात आहेत का चाळणी?" बिचारा महिनाभर तिच्यासमोर खोकलासुद्धा नाही.

तिचा नवरा रंगारी. त्याच्या सदऱ्यावर, चपलांवर, कानाच्या पाळीवरसुद्धा रंगाचे ठिपके. मावशी म्हणे, "देवानं मला हे माणूस माझा गर्व उतरवायला दिलंय." तो म्हणे, "आणि मला तू मिळालीस, माझा रंग उतरवायला!"

मग मावशीचे हात थरथरू लागले. आधी तिला वाटलं, दमणूक असेल. पण चहाचा कप बशीत खुळखुळू लागला, वेदीच्या वस्त्रावर इस्त्री रेंगाळून पिवळा डाग पडला. डॉक्टरांनी सांगितलं, हे दुखणं हळूहळू वाढत जाईल, गोळ्यांनी थोडा आराम पडेल, बरं होणार नाही. पुढं पायही साथ देईनात. मावशी अंथरुणाला खिळली आणि मी कपाटात गेलो. तिच्या जागी आलेल्या नव्या माणसांना माझी आठवण राहिली नाही. मी काळा पडलो.

पाळकांनी मला शोधून काढलं ते तिच्याच घरी न्यायला. मला केवढा आनंद झाला होता! पण तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "आज नको, पाळकसाहेब. पोट बरं नाही." पुढच्या वेळी डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या वेळी तर ती चक्क झोपेचं सोंग घेऊन पडली. आयुष्यभर ज्या प्याल्यासाठी ती झिजली, त्याचा एक घोट तिच्या ओठांना लागत नव्हता, आणि ती आतून वाळत चालली होती.

एका दुपारी पाळक पुन्हा मला घेऊन आले. या वेळी त्यांनी खिशातून एक चमचा काढला.

"हे काय?" मावशी ताडकन म्हणाली.

"मी पाजतो, मावशी."

"पाजायला मी काय तान्ही आहे?"

"रागावता येतंय म्हणजे तब्येत सुधारतेय," रंगारी हळूच म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चिरला. "सांडेल ते. माझ्या हातानं सांडेल. दुसऱ्यांना मी एवढी बोलले, आणि आता मीच सांडू? देवानं माझे हातच काढून घेतलेत, पाळकसाहेब. म्हणजे त्याला माझी सेवा नको असेल. मीही नको असेन."

"सांडलं तर सांडू दे ना, अगं," रंगारी म्हणाला.

"सांडू दे? तो काय तुमचा भिंतीचा रंग आहे?"

रंगाऱ्यानं मान खाली घातली. पाळकांनी चमचा खिशात ठेवला, मला द्राक्षरसानं भरलं आणि माझ्याकडेच बघत विचारलं, "मावशी, वधस्तंभाखाली कुणी पांढरं वस्त्र अंथरलं होतं का हो?"

मावशीनं नाही म्हणून मान हलवली.

"प्रभूचं रक्त सगळं मातीतच सांडलं. झेलायला कुणाचा हात नव्हता. आणि तेच आपल्याला पुरलं."

मग मावशीनं पांघरुणातून दोन्ही हात बाहेर काढले.

मित्रांनो, मला सोनारानं ठोकलं आहे, आगीत तापवलं आहे, पण त्या हातांत मी जसा हाललो तसा कधीच हाललो नव्हतो. द्राक्षरस माझ्या काठावरून उसळला. थोडा तिच्या हनुवटीवर, थोडा पाळकांच्या बाहीवर आणि बराचसा पांढऱ्याशुभ्र चादरीवर गेला. एक घोट तेवढा तिच्या ओठांत गेला. तिनं तो गिळला. डोळे मिटले.

रंगारी फडकं घेऊन धावला. "राहू द्या," मावशी म्हणाली. "मला बघू द्या." आणि त्या पसरत जाणाऱ्या लाल डागाकडे ती अशी पाहत राहिली, जशी माणसं पहिल्यांदा समुद्र पाहतात. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, प्रभू इथंच आहे. मी त्याला सांडलं, तरी तो गेला नाही."

पाळकांनी गुडघे टेकले. रंगाऱ्यानंही टेकले. मला गुडघे असते तर मीही टेकले असते.

मावशीचे हात बरे झाले नाहीत. पुढं ते आणखीच थरथरू लागले. पण मी गेलो, की ती चादर सावरत बसती होई आणि मला आपल्याच हातांनी घेई. प्रत्येक वेळी सांडे. एकदा तिनं पाळकांकडून त्या धिप्पाड गायकाला बोलावून घेतलं. तो दारातच अवघडून उभा राहिला, तर ही म्हणाली, "या, या, बसा. आता आपण दोघंही चाळणी!" तो इतका हसला, की हसता हसता रडू लागला.

आता मी पुन्हा लख्ख आहे, पण मित्रांनो, मला लख्ख करून कपाटात जपून ठेवू नका. कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर मला तिकडे घेऊन जा. आणि तुमच्यावरच तशी वेळ आली, तर हात स्थिर व्हायची वाट बघू नका. थरथरत्या हातांनीच मला धरा. माझ्यात दोनच घोट मावतात, पण ज्यानं ते भरले, त्याला काठ नाही.